भाकरी ताटातून काढली. तिच्या जागी काय ठेवले?

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाली की लोक लगेच पांगत नाहीत. पायरीवर, कट्ट्यावर, चपला घालता घालता बोलणे सुरू होते. पूर्वी या घोळक्यात निवडणुकीची आणि गटातटाची चर्चा असे. अलीकडे मात्र साखरेची चर्चा असते. उपाशीपोटी कोणाची किती आली, जेवणानंतर किती, कोणाच्या पायाची जखम भरत नाही, कोणाच्या डोळ्यांना अंधारी येते! आणि या सगळ्यावर एक जालीम उपाय सध्या तोंडोतोंडी फिरतो आहे: भाकरी सोडा, भात सोडा, साखर पळते!

महिन्याभरापूर्वी याच घोळक्यात सफाईचे काम करणारे एक बांधव भेटले. वय पन्नाशीच्या आत. त्यांनी भाकरी आणि भात जवळजवळ सोडला होता. सकाळी काकडी, दुपारी पालेभाजी, रात्री वरणाचे पाणी. चौथ्या दिवशी कामावर असताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि ते झाडूसकट रस्त्याच्या कडेला कोसळले. सोबतच्या बाईंनी चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली म्हणून थोडक्यात निभावले. ते आम्हाला विचारत होते, "जयभीम वकीलसाहेब, भाकरी सोडली तर तिच्या बदल्यात दुसरं जास्त खायचं असतं, का कमीच खायचं असतं? कोणी म्हणतं पोटभर खा, कोणी म्हणतं उपाशी राहा. नेमकं खरं काय?"

आम्ही वकील आहोत, डॉक्टर नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. कारण तीच चूक आम्ही स्वतः केली होती. गेल्या वर्षी आमची साखर वाढलेली निघाली आणि आम्ही उत्साहाच्या भरात एका दिवसात भाकरी, भात, पोहे, बिस्किटे सारे बंद केले. त्याच्या जागी काय खायचे याचा विचारच केला नाही. दोन उकडलेली अंडी आणि ताटभर काकडी-टोमॅटो यांवर दिवस काढू लागलो. आठ दिवसांत तीन किलो वजन उतरले, म्हणून छाती फुगली. नवव्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात पाय थरथरले, अशिलाचे नाव आठवेना. दहाव्या दिवशी एका लग्नात दोन वाढप भात आणि चार जिलब्या खाल्ल्या. पंधरवड्यात तिन्ही किलो परत! तेव्हा ठरवले की, कज्जाचे कागद जसे वाचतो तसे या विषयाचे कागद वाचायचे. वाचले, आमच्या डॉक्टरांशी बोललो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवणे आम्हाला आमचे कर्तव्य वाटते.

प्रथम मुद्दा नीट मांडू. कमी कर्बोदकांचा आहार सुरू करताना उष्मांक, म्हणजे ज्याला आपण कॅलरी म्हणतो, त्या वाढवायच्या, तेवढ्याच ठेवायच्या, की कमी करायच्या? यासाठी आपल्या ताटाचा हिशोब मांडला पाहिजे. कर्बोदके म्हणजे पिष्ट आणि साखर: भाकरी, पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, गूळ. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम प्रथिनातूनही सुमारे ४ मिळतात. तेल, तूप, चरबी यांतून मात्र ग्रॅमला ९. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके खाल्ली तर त्याला सर्वसाधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. त्याहून कडक प्रकार २० ते ५० ग्रॅमचा असतो.

आता आपले ताट पाहू. साधारण ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी धरली तर तिच्यात सुमारे २०० कॅलरी आणि ४० ग्रॅम कर्बोदके असतात. कष्टकरी माणूस दोन्ही वेळच्या मिळून सहा भाकऱ्या सहज खातो. वर १०० ग्रॅम तांदळाचा भात, म्हणजे आणखी ३५० कॅलरी. नुसत्या भाकरी-भातातून झाल्या १,५५० कॅलरी आणि सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. या माणसाला १३० ग्रॅमच्या आत यायचे असेल तर दोन भाकऱ्या ठेवून चार भाकऱ्या आणि भात सोडावा लागेल. कारण वरण-भाजीतही थोडी कर्बोदके असतातच. म्हणजे एका झटक्यात १,१५० कॅलरी ताटातून गेल्या!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण ठरवून दिले, त्यानुसार मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २,७१० कॅलरी लागतात. जड कष्टाचे काम असेल तर ३,४७०. मध्यम कष्टाच्या स्त्रीला २,१३०. आता २,७१० मधून १,१५० वजा करा. उरल्या १,५६०. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो पुढे पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीचा एक प्रयोग केला. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि चालण्या-फिरण्याचे काम चालू ठेवले. त्यांचे काय झाले? शरीर खंगले, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, मन उदास झाले. झोपेत आणि जागेपणी त्यांना अन्नाशिवाय दुसरे काही सुचेना. त्या तरुणांच्या ताटात पाव आणि बटाटे होते, म्हणजे कर्बोदके भरपूर होती. तरीही ही दशा झाली. कॅलरी तुटपुंज्या पडल्या की आहाराचे नाव काहीही असो, शरीर उपासमारच समजते. आमचे सफाईचे काम करणारे बांधव भाकरीच्या जागी काकडी खात होते. १०० ग्रॅम काकडीत कॅलरी फक्त १५! त्यांनी कमी कर्बोदकांचा आहार सुरू केलाच नव्हता. त्यांनी उपासमार सुरू केली होती आणि नाव मात्र पथ्याचे दिले होते.

मग पोटभर खा म्हणणारे बरोबर आहेत काय? त्यांचीही बाजू तपासू. कमी कर्बोदके खा आणि कॅलरी मोजू नका, हे १९७२ साली अमेरिकेतील डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने घरोघरी पोचवले. त्यांच्या म्हणण्यामागचा तर्क असा की, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ खाल्ले की भूक आपोआप मंदावते, म्हणून मोजायची गरज उरत नाही. याला पुरावा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली ६०९ प्रौढांवरील वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कर्बोदके कमी करायला सांगितली, निम्म्यांना स्निग्ध पदार्थ. कॅलरी मोजा असे कोणालाच सांगितले नव्हते. पोट भरेपर्यंत खा, पण मैदा-साखर टाळा आणि भाजीपाला वाढवा, एवढेच दोघांना सांगितले. वर्षाअखेरीस कर्बोदके कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलोने आणि दुसऱ्या गटाचे ५.३ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक म्हणावा इतका नव्हता. दोन्ही गटांतील लोक न मोजताच पूर्वीपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खात होते.

परंतु विरुद्ध बाजूचा साक्षीदारही तितकाच भक्कम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे कमी कर्बोदकांचा आणि दोन आठवडे कमी स्निग्धांचा आहार दिला. हवे तेवढे खाण्याची मुभा दोन्ही वेळी होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कमी स्निग्धांच्या, भाजीपाला-डाळी-धान्याच्या आहारावर लोक दिवसाला ६८९ कॅलरी कमी खात होते. आणखी एक गोष्ट तेथे दिसली. कमी कर्बोदकांच्या आहारावर असलेली माणसे पहिल्या आठवड्यात जेवढी खात होती, त्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात कमी खाऊ लागली. भूक मंदावते हे खरे, पण ती पहिल्याच दिवशी मंदावत नाही. शरीराला वेळ लागतो.

शरीराला हा वेळ कसा द्यायचा, याचे एक जुने उदाहरण आहे. १९८३ साली डॉ. स्टीफन फिन्नी यांनी पाच तयारीच्या सायकलपटूंना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमपेक्षाही कमी कर्बोदकांवर ठेवले. परंतु एकूण कॅलरी घटवल्या नाहीत. जेवढी भाकरी काढली तेवढे दुसरे दिले, असे आपल्या भाषेत म्हणू. चार आठवड्यांनंतर त्यांचा मध्यम वेगाने सायकल चालवण्याचा दम पूर्वीइतकाच टिकून होता. पाच माणसांवरून जगाचा कायदा करता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु बदलाच्या काळात कॅलरी तेवढ्याच ठेवणे शक्य आहे आणि शरीर त्यावर निभावते, एवढे तरी त्यातून दिसते.

कोणी वकील उलटतपासणीत विचारील की, मुद्दाम कॅलरी फार कमी केल्याने साखर पूर्ण आटोक्यात आल्याचे पुरावे आहेत, त्यांचे काय? आहेत. ब्रिटनमधील डायरेक्ट नावाच्या अभ्यासात जाड असलेल्या आणि साखरेचा आजार जडून सहा वर्षे न झालेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आत कॅलरी दिल्या. वर्षाअखेरीस त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. परंतु त्या लोकांची साखरेची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी बंद केली होती, तयार पेयांतून सारी पोषकद्रव्ये मोजून दिली होती आणि मागे दवाखान्याची देखरेख होती. आपल्याकडे माणूस औषध चालू ठेवून, देखरेखीशिवाय, झाडू हातात घेऊन तोच प्रयोग करतो. दोन्ही गोष्टी एक कशा होतील?

आता सर्वांत महत्त्वाचे. हा आहार सुरू केल्यावर पहिल्या आठ-पंधरा दिवसांत अशक्तपणा येतो, आणि सगळे म्हणतात, "जरा जास्त खा, बरं वाटेल." परंतु हा अशक्तपणा तीन वेगवेगळ्या कारणांचा असतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिले कारण, खरोखरच पोटात कमी जाणे. त्याचा इलाज अर्थातच खाणे. भाकरी परत वाढवायची नसेल तर अंडे, मासळी, चिकन, शेंगदाणे, दही, तेल वाढवायचे.

दुसरे कारण, मीठ आणि पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो पिष्ट साठवलेले असते. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके बंद झाली की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे जाते. इन्सुलिन घटल्याने मूत्रपिंडेही जास्त मीठ बाहेर टाकतात. म्हणून डोके दुखते, चक्कर येते, पोटरीत गोळे येतात. आमचे जे तीन किलो उतरले ते बहुतांशी हेच पाणी होते आणि लग्नाचा भात पोटात गेल्यावर ते परतही आले! या चक्करीवर जास्त खाण्याचा उपयोग नाही. पाणी, मिठाचे ताक, मटणाचा किंवा भाजीचा पातळ रस्सा यांनी बरे वाटते. मात्र ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही कमी करावी लागू शकते.

तिसरे कारण जिवावर बेतणारे आहे. ते म्हणजे गोळीमुळे किंवा इंजेक्शनमुळे साखर एकदम खाली जाणे. इन्सुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या सहा भाकऱ्यांच्या हिशोबाने दिलेल्या असतात. भाकऱ्या दोन झाल्या आणि गोळी तीच राहिली तर साखर धोक्याच्या खाली जाते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोटाळा, ही तिची लक्षणे. आमचे बांधव नेमके यामुळेच कोसळले. काकडीवरचा उपास एकीकडे आणि सकाळची गोळी दुसरीकडे! ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली आली तर पथ्य त्या क्षणी बाजूला ठेवावे, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ग्लुकोमीटर जवळ नसेल आणि लक्षणे तीच असतील, तर वाट न पाहता साखर द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळाच धोका असतो. कर्बोदके फार कमी केल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची खूण. म्हणून गोळ्यांचे पाकीट घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे आणि मग भाकरीला हात लावावा. हा क्रम उलटा करू नये. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

आता निष्कर्ष. सुरुवातीला मुद्दाम भूक नसताना जास्त खाण्याची गरज नाही. परंतु भाकरी आणि एकूण जेवण या दोन्हींना एकाच दिवशी कात्री लावू नये. जो माणूस सडपातळ आहे आणि अंगमेहनत करतो, त्याने काढलेल्या भाकरीइतक्या कॅलरी दुसऱ्या अन्नातून भरून काढल्याच पाहिजेत. तो जाड नाही, त्याच्याजवळ खर्च करायला साठा नाही. आमच्यासारखा खुर्चीवर बसणारा, पोट सुटलेला माणूस असेल तर त्याने पहिले दोन-तीन आठवडे पोटभर खावे, भूक हळूहळू मंदावू द्यावी, आणि मग वाढप आपोआप कमी होऊ द्यावे. वजन उतरायचे असेल तर शेवटी पोटात जाणारे खर्चापेक्षा कमी व्हावेच लागते. तेल-तूप-शेंगदाणे अमर्याद खाऊन वजन उतरेल, हा भ्रम आहे. शेंगदाण्याच्या एका मुठीत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, १७० कॅलरी असतात. आणि ज्याचे वजन आहार न बदलताही भराभर घटते आहे, त्याने हा आहार करण्याऐवजी आधी तपासणी करून घ्यावी.

कष्टकऱ्याच्या ताटातून गेलेल्या १,१५० कॅलरी कशाने भरायच्या? आम्ही हिशोब करून पाहिला. तीन अंडी, २१० कॅलरी. दोन मुठी शेंगदाणे, ३४०. दीडशे ग्रॅम शिजलेले चिकन किंवा तेवढीच मासळी, सुमारे २५०. भाजीत आणि रश्श्यात मिळून दोन मोठे चमचे तेल, २४०. बेरीज झाली १,०४०. एक वाटी दही घेतले की हिशोब जवळपास जुळतो.

आता खरा प्रश्न उभा राहतो तो खिशाचा! आहाराचे जे छापील तक्ते फिरतात, त्यांत बदाम, अक्रोड, पनीर आणि परदेशी तेले असतात. हे तक्ते कोणाचे ताट समोर ठेवून लिहिले? अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ही व्यवस्था नसती तर लाखो चुली पेटल्या नसत्या, हे आम्ही मान्य करतो. परंतु पाच किलोचा दिवसाचा हिशोब १६६ ग्रॅम होतो. त्यातूनच शंभर ते एकशे तीस ग्रॅम कर्बोदके मिळतात. म्हणजे कमी कर्बोदकांची मर्यादा रेशनच्या पिशवीतच संपते! फुकट मिळते ते गहू-तांदूळ. अंडे, मासळी, शेंगदाणे मात्र रोकड मोजून आणायचे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना साखरेचा आजार आहे. त्याच पाहणीच्या आधारे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे आढळले. त्यात असेही दिसले की, कर्बोदके तेवढीच ठेवून तांदूळ-मैद्याच्या जागी नुसते भरड धान्याचे पीठ आणल्याने धोका घटत नाही. कर्बोदके घटवून त्या जागी प्रथिने आणावी लागतात. मग प्रथिने परवडतील अशी व्यवस्था करणे हे शासनाचे काम नाही काय? उलट २०१५ सालच्या कायद्याने बैल आणि वळू यांच्या मांसावरही बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या गरिबाच्या ताटातील जे सर्वांत स्वस्त प्रथिन होते, ते हिरावले गेले. म्हशीच्या मांसावर कायद्याने बंदी नाही, हेही येथे स्पष्ट करतो. कारण भीतीपोटी लोक तेही घ्यायला कचरतात.

परंतु परवडणारे अन्न आपल्याच ओळखीचे आहे. सुकट, जवळा, सुके बोंबील यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. फक्त ते धुऊन, खारटपणा घालवून घ्यावे. सोयाबीनच्या वड्यांतही निम्मे वजन प्रथिनांचे असते. अंडे आहे, शेंगदाण्याचा कूट आहे, वजडी आहे, मेथी-चाकवत-अंबाडी आहे. ज्या अन्नाचा वास येतो म्हणून आपल्याला घर भाड्याने नाकारले जाते, तेच अन्न आज आहारशास्त्र साखरेच्या रोग्याला देऊ पाहते. त्याची लाज वाटून घेण्याचे काही कारण नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगायची आहे. घरात एकाचे पथ्य सुरू झाले की अंडी त्याच्या ताटात जातात आणि त्याच्या वाट्याच्या उरलेल्या भाकऱ्या बाईच्या ताटात. तिची साखर कोणी तपासलेली असते काय? आमच्या घरात आम्ही हेच करत होतो. सौभाग्यवतीची तपासणी केली तेव्हा तिची साखर आमच्यापेक्षा जास्त निघाली! समतेची भाषा व्यासपीठावर करणाऱ्या आम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरात ती दिसली नव्हती. तेव्हापासून अंडी दोघांत मोजून वाटली जातात.

संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. राजा द्रोणभर अन्न खाई आणि जेवून धापा टाकत भगवंतांकडे येई. तथागतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही. जेवताना भान ठेवावे, मात्रा ओळखावी, एवढाच उपदेश केला. सुदस्सन नावाचा तरुण रोज जेवणाच्या वेळी राजाला त्याची आठवण करून देऊ लागला. राजा क्रमाक्रमाने द्रोणावरून नाळीभर अन्नावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. क्रमाक्रमाने, हा शब्द महत्त्वाचा. एका रात्रीत नव्हे. आणि आठवण करून देणारा एक माणूस शेजारी होता.

बाबासाहेबांनाही हाच आजार होता. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली, पाय साथ देईनात, तरी लेखणी थांबली नाही. त्या काळी ग्लुकोमीटर कोणाच्याही घरात नव्हता. आज तो आपल्या आवाक्यात आहे. प्रत्येक विहाराने वर्गणी काढून एक यंत्र ठेवावे, रविवारी वंदनेनंतर तासभर तपासणी करावी, आकडे वहीत लिहावेत आणि वस्तीतील एखाद्या डॉक्टरांना महिन्यातून एकदा ती वही दाखवावी. प्रत्येकाच्या तपासणीसाठी नवी सुई वापरावी, हे सांगायला नकोच.

आमच्या त्या बांधवांची गोळी डॉक्टरांनी कमी करून दिली. दोन भाकऱ्या त्यांनी ठेवल्या आहेत. सोबत अंडी, सुकट, शेंगदाणे असतात. गेल्या रविवारी ते पायरीवर भेटले तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, आता रस्ता झाडताना पाय कापत नाहीत." त्यांची साखर पूर्ण आटोक्यात आली आहे असे नाही. परंतु ते उपाशी नाहीत आणि उभे आहेत. बाकीचे काम हळूहळू होईल.